सही तुमची असेल, तर हिशेबही तुमच्यापुढे हवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांची अडचण थोडक्यात मांडते.

या ताई चाळिशीच्या आसपासच्या. काही वर्षांपूर्वी नवऱ्यानं आत्महत्या केली. वावर सासऱ्यांच्या नावावर आणि कर्ज विनापरवाना सावकाराचं, त्यामुळे सरकारी मदतीसाठी त्यांचं प्रकरण अपात्र ठरलं. तेव्हा तालुक्यातल्या एका संस्थेच्या संस्थापकांनी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांची संजय गांधी निराधार योजनेची फाइल करून दिली आणि पुढे संस्थेतच कामाला घेतलं. आज संस्थेचं एकल महिलांचं सगळं काम या ताईच बघतात. भाऊंनी सत्तरी ओलांडली, तब्येत साथ देत नाही. त्यांनी ताईंना सांगितलं, 'सचिव तू हो. सही तुझी राहील. हिशेबाचं आणि दात्यांचं माझा मुलगा बघेल, तू त्यात पडू नको.' मुलगा पुण्याहून शिकून आला आहे, इंग्रजीत प्रस्ताव लिहितो, वागायला चांगला आहे. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य मात्र म्हणाले, 'जी बाई इथं मदत मागायला आली होती, ती संस्था काय चालवणार?' गावोगावच्या बायका उलट म्हणतात, ताई, आपण आपली वेगळी संस्था काढू. ताई विचारतात: भाऊंचे उपकार आहेत, नाही म्हटलं तर कृतघ्न ठरेन. हो म्हटलं तर मला झेपेल का? इंग्रजी येत नाही, भाऊंसारखं बोलता येत नाही. काय करू?

ताई,

'मला जमेल का' हा प्रश्न तुम्ही निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला आहे. तुम्हाला नेमकं काय दिलं जातंय, हे मात्र कुठेच विचारलेलं नाही. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमची खरी अडचण मला तुमच्या कुवतीत दिसत नाही, ती भाऊंनी घातलेल्या अटीत दिसते.

संस्थेच्या सचिवाची सही म्हणजे काय, ते आधी बघू. आपल्याकडच्या बहुतेक लहान संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. 31 मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत ऑडिट पूर्ण करून रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. आयकराच्या 12ए (संस्थेला करसूट देणारी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत देणारी) या नोंदण्या 2021 पासून कायमच्या राहिलेल्या नाहीत. मुदत संपायच्या आत पुन्हा अर्ज करावा लागतो. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी हवा असेल तर सीएसआर-1 फॉर्म भरलेला लागतो. या प्रत्येक कागदाखाली पदाधिकाऱ्याचं नाव असतं. उद्या शिलाई मशीनसाठी आलेली रक्कम दुसऱ्याच कशावर खर्च झाली असं निघालं, तर खुलासा सही करणाऱ्यालाच द्यावा लागतो. 'मला हिशेब दाखवतच नव्हते' हे उत्तर धर्मादाय कार्यालयात चालत नाही, आणि गावात तर त्याहून चालत नाही.

भाऊंच्या मुलावर मी संशय घेत नाही. तो शंभर टक्के प्रामाणिक असेल, तरीही हिशेब तुम्हाला दिसला पाहिजे. प्रामाणिक माणसाच्याही हातून चुका होतात, एका प्रकल्पाचा पैसा अडीनडीला दुसरीकडे वळवला जातो, पगार थकले की तर हमखास. त्या वेळी निर्णय काय झाला, कोणी घेतला, परत कधी भरायचं ठरलं, हे सचिवाला माहीत नसेल तर तो सचिव कशाचा? म्हणून 'सही तुझी, हिशेब त्याचा' ही अट जशीच्या तशी स्वीकारू नका, असंच मी सांगेन. बाकी सगळ्यावर तडजोड होऊ शकते, यावर नको.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण तिचा तुमच्या चुलीशी थेट संबंध आहे. आज तुम्ही पगारी कार्यकर्त्या आहात. सचिव झाल्यावर तुमच्या पगाराचं काय? पुष्कळ संस्थांच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, पदाधिकारी मानद असतात, म्हणजे त्यांनी पगार घ्यायचा नसतो. पदाचा मान म्हणून बाईला सचिव करायचं आणि पुढच्या महिन्यापासून तिचा पगार बंद, असं घडलेलं मी पाहिलं आहे, आणि ते कोणाच्या वाईट हेतूनं झालं नव्हतं. कोणी घटना उघडून बघितलीच नव्हती. भाऊंच्या घरी शेती होती, पेन्शन होती, ते मानद राहू शकले. तुमच्या घरी मुलं शिकताहेत. घटनेत वाव नसेल तर दुसरी वाट आहे: सचिवपद समितीतल्या दुसऱ्या कोणाकडे जाऊ द्या, आणि तुमची नेमणूक ठरावानं, लेखी अधिकारांसह, पगारी कार्यकारी प्रमुख म्हणून होऊ द्या. पद कोणतं यापेक्षा खर्च मंजूर करण्याचा, माणसं नेमण्याचा आणि दात्यांशी बोलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे जास्त महत्त्वाचं.

आता त्या सदस्यांचं वाक्य. 'मदत मागायला आलेली बाई.' ते तुम्हाला लागलं, आणि तुम्ही पुढे लिहिलंत, 'पण खोटं तरी कसं म्हणू?' खोटं म्हणूच नका. त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

तहसील कार्यालयात निराधारची फाइल घेऊन उभ्या राहिलेल्या बाईचं काय होतं, ते तुमच्या समितीत किती जणांना माहीत आहे? वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला 21 हजारांच्या आत हवा, तो तलाठ्याच्या अहवालावर अडतो. तलाठी कोणत्या दिवशी गावात असतो हे कोणी सांगत नाही. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरंच. वारसनोंदीसाठी दिराची सही मागतात आणि दीर देत नाही. खिडकीतला माणूस 'पुढच्या सोमवारी या' म्हणतो, तेव्हा तो सोमवार म्हणजे बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं असतं. बाईला तिथे उभं असताना लाज कशाची वाटते, सासू बाहेर काय ऐकवते, आणि ती तिसऱ्या खेपेला यायचं का सोडून देते, हे तुम्हाला आतून माहीत आहे. संस्थेनं आपला वेळ आणि पैसा कुठे घालायचा हे ठरवताना याहून उपयोगी माहिती कोणती?

तरी एक सांगते. दुःख भोगलं म्हणून कोणी आपोआप संस्था चालवायला लायक होत नाही. तुम्ही लायक आहात ते त्या दुःखानंतर वर्षानुवर्षं रोज केलेल्या कामामुळे. हा फरक मनाशी पक्का ठेवा, कारण यात एक धोका आहे. दात्यांची गाडी आली की तुम्हाला पुढे उभं करतील, 'सांगा ताई तुमची कहाणी' म्हणतील, फोटो काढतील, आणि ताळेबंदाच्या चर्चेला आतल्या खोलीत दुसरेच बसतील. तुमची कहाणी कधी, कोणापुढे सांगायची हे तुम्ही ठरवा. संस्थेची ओळख करून द्यायची वेळ येईल तेव्हा कामाविषयी बोला: यंदा किती वारसनोंदी झाल्या, किती अडकल्या, का अडकल्या.

इंग्रजीबद्दल आणि शिक्षणाबद्दल एक उदाहरण आपल्याच विदर्भातलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1990 च्या दशकात 39 गावांमध्ये गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडल्यास बाळाला इंजेक्शन देणं हेही त्यात होतं. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: त्या गावांतला नवजात बालमृत्यूदर 62 टक्क्यांनी कमी झाला. लोक ही गोष्ट 'बायकांनी करून दाखवलं' एवढ्यावर सोडतात. मला त्यातला दुसरा भाग तेवढाच मोलाचा वाटतो. त्या बायकांना जबाबदारीबरोबर प्रशिक्षण मिळालं, औषधं आणि साधनं हातात मिळाली, नोंदी ठेवायची पद्धत मिळाली, आणि कोणीतरी नियमित येऊन काम तपासत होतं. तुम्हीही तेच मागा. हिशेब वाचायला शिकवा म्हणा. संस्थेचे ऑडिटर जवळच्या शहरात बसत असतील. दोन-तीन दुपारी त्यांच्याकडे बसून जमाखर्च आणि ताळेबंद कसा वाचायचा ते समजून घ्या. बचतगटाची वही ज्या बाईला लिहिता येते तिला हे कळतं. इंग्रजी प्रस्ताव लिहायला माणूस आहेच. मात्र पाठवण्याआधी तो त्यानं तुम्हाला मराठीत वाचून दाखवला पाहिजे, कारण त्यात जे कबूल केलं जातं ते करायला गावात तुम्ही जाणार आहात.

मग उरतं 'भाऊंसारखं'. ताई, भाऊंसारखं व्हायचा प्रयत्नच करू नका. नायब तहसीलदाराचा खासगी नंबर भाऊंकडे, जुन्या दात्याच्या घरी लग्न कधी आहे ते भाऊंना पाठ, कोणत्या गावात कोणत्या घराशी भांडण आहे ते भाऊंना ठाऊक. बाई दारात येते आणि तुम्ही समोर असताना विचारते, 'भाऊ नाही का? मंग उद्या येतो.' ही त्यांची पुण्याई आहे, आणि संस्थेचा सगळ्यात मोठा कच्चेपणाही तिथेच आहे. एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यात राहिलं, ते उचलून दुसऱ्या एका माणसाच्या डोक्यात भरायचं असेल तर तुम्ही दमून जाल, आणि तुमच्यानंतर पुन्हा हाच प्रश्न येईल. ते वाटून टाकायला हवं. पुढचे सहा महिने भाऊ जिथे जातील तिथे त्यांच्यासोबत जा, दर वेळी एकटीनं न जाता वेगवेगळ्या कार्यकर्तीला बरोबर घ्या, आणि प्रत्येक ओळख, प्रत्येक प्रकरण एका वहीत उतरवा. बँकेचा आणि आयकर पोर्टलचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, हेही त्याच वहीत. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण संस्थापक आयसीयूत असताना याच एका गोष्टीवर कार्यकर्त्यांचे पगार अडतात.

समितीचं काय चाललंय तेही बघा. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, म्हणून सुरुवातीला घरचे, मित्र, मेहुणे अशी सात नावं गोळा होतात आणि पुढे तीच राहतात. मग प्रोसिडिंग बुक दुचाकीच्या डिक्कीत घालून घरोघर फिरवलं जातं. कोणी ओसरीवर बसून, कोणी दुकानाच्या गल्ल्यावर, न वाचता सही करून देतो. न झालेल्या सभेचं इतिवृत्त तयार होतं. हे तुमच्याकडे होत असेल तर सचिव म्हणून पहिलं काम म्हणजे सभा खरोखर भरवणं. आणि त्या सभेत ज्यांच्यासाठी संस्था आहे त्या बायका हव्यात. घटनेत नवे सभासद करून घ्यायची तरतूद असतेच. गावोगावच्या एकल महिलांपैकी ज्या पुढाकार घेतात त्यांना रीतसर सभासद करून घ्या, कार्यकारिणीत त्यांच्यातल्या दोघी-तिघी तरी येऊ द्या. सर्वसाधारण सभा कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवू नका. तेव्हा रोज मजुरी असते, कोणी येणार नाही. तूर घरात आल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास ठेवा, आणि येण्या-जाण्याचं भाडं संस्थेनं द्यावं.

निर्णय कसे घ्यावेत यासाठी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाकडे बघा. तिथले पुढारी देवाजी तोफा यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणाही. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावरचा गावाचा हक्क, मिळाला. पण तिथे ग्रामसभेत बहुमतानं निकाल लावत नाहीत. सर्वांची सहमती होईपर्यंत बोलतात, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात समजून घेतात. यात वेळ जातो. तुमच्या संस्थेत प्रत्येक गोष्ट अशी करता येणार नाही, करूही नये. कोणा बाईला रात्री दवाखान्यात न्यायचं तर सभा कसली घेता? पण कोणत्या गावात काम वाढवायचं, कोणता निधी घ्यायचा, कोणता नाकारायचा, अशा प्रश्नांना ही रीत लावून बघा. तुम्हाला एकटीला सगळं कळलं पाहिजे हे ओझं तिनं हलकं होतं.

भाऊंशी बोलायचं कसं, ही तुमची खरी भीती असावी. उपकारांचा विषय तुम्हीच आधी काढा, तो मनात ठेवून बोललात तर शब्द अडकतील. असं काहीसं म्हणता येईल: 'भाऊ, तुम्ही हात दिला नसता तर मी आज इथं नसते. म्हणूनच तुमची संस्था माझ्या सहीमुळे अडचणीत यायला नको. हिशेब मला दर महिन्याला दाखवायचा, मोठा खर्च मला विचारून करायचा, आणि हे ठरावात लिहायचं. एवढं झालं तर मी तयार आहे.' एकट्या जाऊ नका. समितीत सगळ्यांना मान्य असा एखादा निवृत्त मास्तर असेल तर त्यांना आधी सगळं सांगून बरोबर न्या. भाऊ दुखावले, तर गाडगेबाबांचं नाव काढायला हरकत नाही. बाबांनी धर्मशाळा, सदावर्तं, शाळा उभ्या केल्या आणि ट्रस्टच्या हवाली केल्या; स्वतःपाशी खराटा आणि गाडगं ठेवलं. भाऊंच्या पिढीला हे पटकन कळतं. आणि त्यांना मोकळंही सोडू नका. सल्लागार म्हणून त्यांचा एक ठरलेला दिवस असू द्या, जुन्या बायका त्या दिवशी त्यांना भेटतील.

मुलाशी मात्र भाऊंच्या आधी बोला. त्याच्या पाठीमागे हा विषय झाला असं त्याला वाटलं तर पुढची सगळी वर्षं कठीण जातील. त्याचं काम संस्थेला हवं आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. त्याची नेमणूक समितीच्या ठरावानं व्हावी, कामाची यादी आणि पगार ठरलेला असावा, आणि त्याच्या पगाराचा विषय निघेल तेव्हा भाऊंनी त्या चर्चेत बसू नये. हे त्याच्याही हिताचं आहे. 'बापाच्या जिवावर बसलाय' असं म्हणायला मग कोणाला जागा राहत नाही.

वेगळ्या संस्थेचा विचार मी वाईट म्हणणार नाही, पण घाई नको. नवी नोंदणी, नवं खातं, 12ए-80जीचे नवे अर्ज, आणि मागच्या कामाची नोंद नाही म्हणून सुरुवातीची वर्षं निधी मिळवणं अवघड. तेवढ्या काळात आज अर्धवट असलेल्या फाइलींचं काय होईल, हे त्या बायकांपुढे स्पष्ट मांडा आणि मग त्यांचं मत घ्या. तुमच्या अटी मान्य झाल्या नाहीत तर सचिवपदाला नम्रपणे, लेखी नकार द्या आणि आहे ते काम चालू ठेवा. तो नकार म्हणजे भाऊंशी बेइमानी नव्हे. संस्था दार बंद करू लागली, तर वेगळी वाट तेव्हा काढू.

अशा जागी उभ्या असलेल्या आणखी कार्यकर्त्या हे वाचत असतील, आणि भाऊंच्या वयाचे संस्थापकही. संस्थापकांना माझी विनंती आहे की वारस शोधण्याच्या आधी आपल्या संस्थेचा शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीची प्रत, काढून बघा. त्यावर वारलेल्या माणसांची नावं अजून असतील, तर चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं दाखल झालेले नाहीत किंवा मंजूर झालेले नाहीत. ते ओझं नव्या माणसाच्या डोक्यावर देऊ नका, आपल्या हयातीत निस्तरा.

ताई, तुम्ही या आठवड्यात एवढंच करा: संस्थेची घटना, शेड्यूल वनचा उतारा आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, यांच्या प्रती मागा. मागताना संकोच करू नका, सचिव होणाऱ्यानं ते बघायचेच असतात. प्रती लगेच मिळतात की टाळाटाळ होते, यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल. घटनेतलं पदाधिकाऱ्यांच्या मानधनाचं कलम मला लिहून पाठवा, मग सचिवपद घ्यायचं की कार्यकारी प्रमुखपद, ते आपण नीट बघू.